६.५ वरून ८७.९ टक्के : हात धुण्याचा हा आकडा लोणारला आणता येईल का?



पीएच.डी. प्रवेशाच्या मुलाखती जवळ आल्या की सिनॉप्सिसमध्ये एक विषय हमखास दिसायला लागतो : ‘सेन्सरच्या साहाय्याने रुग्णालयातील कर्मचाऱ्यांच्या हातांच्या स्वच्छतेचे निरीक्षण’. नर्सिंगचे विद्यार्थी हा विषय घेतात, सार्वजनिक आरोग्यवाले घेतात, इंजिनिअरिंगवाले तर घेतातच. शीर्षकात आयओटी असतं, हल्ली एआयही असतं. आणि प्रस्तावनेत एक आकडा झळकतो : कॅमेरे बसवल्यावर हात स्वच्छ करण्याचं प्रमाण ६.५ टक्क्यांवरून ८७.९ टक्क्यांवर गेलं.

आकडा खरा आहे. ज्या पेपरमधून तो येतो तो चांगल्या नियतकालिकातला आहे. पण तो आकडा उचलून आपल्या सिनॉप्सिसमध्ये ठेवण्याआधी तो कसा तयार झाला हे बघायला हवं. आज आपण तेच करणार आहोत. आणि मग तोच प्रयोग आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावी न्यायचा ठरवला तर काय काय बदलतं ते बघू. मी लोणारची, म्हणून गाव लोणार घेते. तुम्ही तुमचं घ्या.

आधी एवढं स्पष्ट करते की विषय किरकोळ नाही. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांमधला नवजात बाळांचा अभ्यास २०१६ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला. अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या १३,५३० बाळांपैकी १४.३ टक्के बाळांना सेप्सिस, म्हणजे रक्तापर्यंत पोचणारा जंतुसंसर्ग झाला. सापडलेल्या जंतूंमध्ये अॅसिनेटोबॅक्टर आणि क्लेब्सिएला आघाडीवर होते, आणि त्यातले बरेच जंतू अनेक अँटिबायोटिक्सना दाद देत नव्हते. हे दोन्ही रुग्णालयात मुक्काम ठोकणारे जंतू आहेत. एका बाळाकडून दुसऱ्या बाळाकडे जायला त्यांना सर्वांत सोयीचं वाहन मिळतं ते म्हणजे आपले हात. म्हणून या विषयातला संशोधनाचा प्रश्न चुकला, तर तो नुसता गुणांचा प्रश्न राहत नाही.

पेपर काय सांगतो

डोना आर्मेलिनो आणि सहकाऱ्यांचा हा पेपर २०१२ साली ‘क्लिनिकल इन्फेक्शस डिसीजेस’मध्ये आला. जागा न्यूयॉर्क राज्यातलं नॉर्थ शोअर विद्यापीठ रुग्णालय, १७ खाटांचा अतिदक्षता विभाग. खोल्यांच्या दारांवर हालचाल ओळखणारे सेन्सर बसवले. प्रत्येक बेसिन आणि प्रत्येक सॅनिटायझर दिसेल असे कॅमेरे लावले. कुणी खोलीत गेलं किंवा बाहेर आलं की दहा सेकंदांच्या आत हात स्वच्छ केले का, हे दूर बसलेले लोक चित्रफितीवर बघून नोंदवायचे. खोलीत साठ सेकंदांपेक्षा कमी वेळ थांबलेल्यांना हिशेबातून वगळलं होतं.

पहिले १६ आठवडे नुसती नोंद झाली, कर्मचाऱ्यांना काही कळवलं नाही. ६०,५४२ संधींपैकी ३,९३३ वेळा हात स्वच्छ केले गेले, म्हणजे ६.५ टक्के. पुढचे १६ आठवडे निकाल लगेच फलकावर दिसायला लागला. प्रमाण ८१.६ टक्के झालं. त्यानंतरच्या ७५ आठवड्यांत ते ८७.९ टक्क्यांवर टिकलं.

एक गंमत म्हणा किंवा काही म्हणा, २०१३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या रुग्णालयावर बातमी केली तेव्हा त्यात असं होतं की कॅमेऱ्यातली दृश्यं भारतात पाठवली जातात आणि तिथे बसलेले कर्मचारी ती तपासतात. म्हणजे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हात धुतले की नाही हे भारतातली माणसं बघत होती. ‘स्वयंचलित’ वाटणाऱ्या यंत्रणेच्या पोटात किती मजुरी असते, हे लक्षात ठेवा. सिनॉप्सिसच्या बजेटमध्ये ती मजुरी लिहावी लागते.

पेपरचं बळ कशात आहे तेही सांगते. निरीक्षणांची संख्या प्रचंड आहे. रात्रपाळीही मोजली गेली. आणि सुधारणा दीड वर्ष टिकली, हे या क्षेत्रात फार थोड्या अभ्यासांना दाखवता आलं आहे. आता प्रश्नांकडे वळू.

पहिला प्रश्न : छेद कुठून आला?

टक्केवारी म्हणजे अंश भागिले छेद, हे आपण सहावीत शिकलो. संशोधन वाचताना मात्र बहुतेकांची नजर अंशावरच असते. इथे अंश म्हणजे ‘हात स्वच्छ केले’ आणि छेद म्हणजे ‘हात स्वच्छ करायला हवे होते असे प्रसंग’. हे प्रसंग कोणी ठरवले?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये असे पाच प्रसंग आहेत : रुग्णाला हात लावण्याआधी, सलाइन लावणं, जखम बांधणं यांसारख्या निर्जंतुक कामाआधी, रक्त, लघवी असल्या द्रवांशी संपर्क आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर, आणि रुग्णाच्या खाटेजवळच्या वस्तूंना हात लावल्यावर.

आर्मेलिनोंच्या पेपरमध्ये यातलं काहीच थेट मोजलेलं नाही. तिथे मोजलंय दार. आत जाणं आणि बाहेर येणं. ‘हात लावण्याआधी’च्या जागी ‘आत शिरताना’ आलं आणि ‘हात लावल्यावर’च्या जागी ‘बाहेर पडताना’ आलं. आत शिरताना सॅनिटायझर चोळून, मग मोबाइल हातात घेऊन, मग पडदा सरकवून, मग सेंट्रल लाइनला हात लावला, तरी दाराच्या हिशेबाने सगळं शंभर टक्के. संसर्गाच्या दृष्टीने सगळ्यात धोक्याचा क्षण, म्हणजे निर्जंतुक कामाच्या आधीचा, दाराला दिसतच नाही.

आणि ६.५ टक्के हा पायाचा आकडा बघा. इरॅस्मस आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये जगभरच्या ९६ अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात मध्यक ४० टक्के आला होता. मग हा एक विभाग इतरांच्या सहा पट बेफिकीर होता का? तसं असेलही. पण दोन वेगळ्या पट्ट्यांनी मोजलं तर लांबी वेगळी येणारच, ही शक्यता आधी तपासायला हवी. वेगवेगळ्या व्याख्यांनी काढलेले टक्के एका तक्त्यात शेजारी-शेजारी मांडू नका. गाईड विचारतील आणि तुमच्याकडे उत्तर नसेल.

तिसरी गोष्ट, या अभ्यासात तुलना गट नाही. तोच विभाग, आधी आणि नंतर. एवढा मोठा फरक नुसत्या योगायोगाने पडला नसणार, हे मान्य. पण फरक फलकामुळे पडला, वरिष्ठांनी लक्ष घातल्यामुळे पडला, की दोन्हींमुळे, हे या रचनेतून वेगळं काढता येत नाही.

दुसरा प्रश्न : कुणी बघतंय हे माहीत असल्यावर काय होतं?

यंत्राच्या बाजूने सगळ्यात भक्कम पुरावा इथे आहे, तो लपवणं बरोबर नाही. टोरोंटोतल्या एका अभ्यासात (स्रिग्ली आणि सहकारी, २०१४) सॅनिटायझरच्या प्रत्येक डिस्पेन्सरचा वापर यंत्राने नोंदवला जात होता. अधूनमधून माणूस-निरीक्षकही वॉर्डात यायचे. निरीक्षकाच्या नजरेच्या टप्प्यातल्या डिस्पेन्सरवर तासाला ३.७५ वेळा वापर झाला आणि नजरेआड असलेल्यांवर १.४८ वेळा. अडीच पट फरक! आपण याला हॉथॉर्न परिणाम म्हणतो. आपल्याकडे तपासणीची टीम येणार असली की काय काय चकाचक होतं, हे सरकारी कार्यालयात पाय ठेवलेल्या कुणालाही सांगायला नको.

म्हणजे वही-पेन घेऊन उभा राहिलेला निरीक्षक जे प्रमाण लिहितो ते फुगलेलं असतं. यंत्र कायम तिथेच असल्यामुळे ही फुगवटी कमी होते. पण नीट बघा, हा पुरावा ‘यंत्र चांगलं मोजतं’ यासाठी आहे. ‘यंत्रामुळे वागणं सुधारतं’ यासाठी नाही. हे दोन दावे एकाच वाक्यात गुंडाळलेले सिनॉप्सिस मी ढिगाने वाचलेत. मोजमापाचं साधन आणि हस्तक्षेप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचं यंत्र यांपैकी नेमकं काय आहे, हे पहिल्या पानावर लिहा.

तिसरा प्रश्न : यंत्र काढून नेल्यावर काय?

माझ्या मते या सगळ्या साहित्यातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि सिनॉप्सिसमध्ये तो जवळजवळ कधीच नसतो.

स्टाट्स, डाय, हॉफमन आणि मिल्कमन यांनी २०१७ मध्ये ‘मॅनेजमेंट सायन्स’मध्ये अमेरिकेतल्या ४२ रुग्णालयांची माहिती तपासली. कर्मचाऱ्यांच्या गळ्यात आरएफआयडी बिल्ला, आणि प्रत्येकाची वैयक्तिक नोंद. देखरेख सुरू झाल्यावर प्रमाण चांगलंच वाढलं. मग हळूहळू उतरायला लागलं. आणि जिथे देखरेख बंद झाली तिथे प्रमाण पूर्वीच्या पातळीवर येऊन थांबलं नाही, त्याच्याही खाली गेलं.

का झालं असेल? लेखकांचं म्हणणं असं की बाहेरून लावलेल्या पहाऱ्याने आतली सवय, आतली जाणीव बाजूला सारली. पहारा उठला तेव्हा दोन्ही नव्हतं. हे स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे, पण सिद्ध झालेलं नाही. देखरेख बंद करणारी रुग्णालयं मुळातच वेगळी असू शकतात. पैसे संपले असतील, व्यवस्थापन बदललं असेल. हा आक्षेप तुम्हीही नोंदवा. तरीही इशारा गंभीर आहे.

आपल्या देशातलं जवळचं उदाहरण हात धुण्याचं नाही, हजेरीचं आहे. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात सेवा मंदिर या संस्थेबरोबर बॅनर्जी, डुफ्लो आणि ग्लेनरस्टर यांनी उपकेंद्रांतल्या नर्सची हजेरी वेळ-तारीख छापणाऱ्या यंत्राने नोंदवायचा प्रयोग केला. पेपर २००८ चा. पहिले सहा महिने हजेरी सुधारली. पुढे स्थानिक आरोग्य प्रशासनानेच ‘सूट दिलेले दिवस’ वाढवत नेले. सोळा महिन्यांनंतर यंत्र असलेल्या आणि नसलेल्या केंद्रांत फरक उरला नव्हता. यंत्र बिघडलं नव्हतं. यंत्राने दिलेल्या कागदाचं काय करायचं हे ठरवणारी माणसं तीच होती.

आता स्वतःला विचारा. तुमचा प्रकल्प सहा महिन्यांचा असेल. अनुदान संपेल, सेन्सर निघतील, तुम्ही प्रबंध लिहायला बसाल. तो वॉर्ड तुम्ही आधीपेक्षा बऱ्या अवस्थेत सोडला की वाईट? तुमच्या आराखड्यात ‘सेन्सर काढल्यानंतरचे तीन महिने’ ही मोजणी नसेल, तर हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

आता लोणारला चला

लोणार म्हटलं की सगळ्यांना विवर आठवतं. बेसॉल्ट खडकात उल्का आदळून झालेलं, साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं, आणि त्याच्या तळाशी खारं तळं. एके काळी या तळ्यातला क्षार साबण आणि काच करायला जात असे. मला मात्र तुम्हाला तळ्याकडे न्यायचं नाही, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाकडे न्यायचंय. ग्रामीण रुग्णालय म्हणजे साधारण ३० खाटा. एवढं धरून पुढचा विचार करू. पुढचे सगळे आकडे ‘समजा’ म्हणून घेतलेले आहेत, कुठल्या विशिष्ट रुग्णालयाचे नाहीत.

*दार कुठे आहे?* न्यूयॉर्कमध्ये एका रुग्णाला एक खोली, एका खोलीला एक दार. आपल्याकडे एका वॉर्डात दहा-पंधरा खाटा आणि सगळ्यांना मिळून एक दार. सिस्टर एकदा आत शिरतात आणि एका फेरीत सगळ्या रुग्णांचं बीपी, सलाइन, इंजेक्शन उरकून बाहेर येतात. दाराच्या हिशेबाने प्रसंग दोन. पाच प्रसंगांच्या हिशेबाने तीस-चाळीस. शिवाय त्या दारातून रुग्णाची आई, सासू, डबा घेऊन आलेला भाऊ, सगळे ये-जा करतात. बाळाला पुसणं, कपडे बदलणं, रुग्णाला भरवणं ही कामं तेच करतात. त्यांच्या गळ्यात बिल्ला नाही. संसर्गाला मात्र बिल्ला आहे की नाही याने काही फरक पडत नाही.

*वेळ किती आहे?* सॅनिटायझरला २० ते ३० सेकंद, साबण-पाण्याला ४० ते ६० सेकंद, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. समजा रात्रपाळीत एक सिस्टर आहेत आणि तासाला दहा प्रसंग येतात. आठ तासांत ८० प्रसंग. साबण-पाण्याने सरासरी ४५ सेकंद धरले तर ३,६०० सेकंद, म्हणजे पूर्ण एक तास. बेसिनपर्यंत जाऊन यायचा वेळ अजून धरलेला नाही. सॅनिटायझरने २५ सेकंद धरले तर साधारण ३३ मिनिटं. फोस आणि विडमर यांनी १९९७ मध्ये बारा जणांच्या अतिदक्षता विभागासाठी असाच हिशेब मांडला होता : सगळ्यांनी प्रत्येक वेळी बेसिनवर हात धुतले तर एका दिवसपाळीत १६ तास त्यातच जातील, खाटेजवळच्या सॅनिटायझरने तीन तास. पिटे आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये जिनिव्हात २,८३४ प्रसंग बघितले होते. तिथेही कामाचा भार वाढला की पालन घसरत होतं. आणि हो, नर्सपेक्षा डॉक्टर मागे होते. म्हणून देखरेखीचं यंत्र फक्त सिस्टरच्या गळ्यात अडकवणारा आराखडा मला संशयास्पद वाटतो.

*पाणी कसं आहे?* जगातल्या निम्म्या आरोग्यकेंद्रांत हातांच्या स्वच्छतेची मूलभूत सोयही नाही, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या २०२२ च्या अहवालात आहे. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेला, पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. लोणार त्यात येत नाही, पण शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद भागातल्या माणसाला विचारा : तिथल्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. जड पाण्याने दिवसात पन्नास वेळा हात धुतले की त्वचा फाटते, आणि फाटलेल्या हाताला पुन्हा साबण लावावासा वाटत नाही. उन्हाळ्यात टँकर हा वेगळा विषय. ‘पालन ३० टक्के’ असं तुम्ही लिहाल, तेव्हा त्यात माणसाचा आळस किती आणि नळाचा दोष किती?

*सर्वांत धोक्याची जागा कुठली?* ग्रामीण रुग्णालयात अतिदक्षता विभाग नसतो, प्रसूती कक्ष असतो. आणि तिथे एक मोठी अडचण आहे. हात रक्ताने किंवा पाण्याने भरलेले असतील तर सॅनिटायझर चालत नाही, साबण-पाणीच लागतं. म्हणजे जिथे हात स्वच्छ असणं आई आणि बाळासाठी सगळ्यात मोलाचं, तिथे डिस्पेन्सरचा काउंटर आंधळा आहे. काउंटर ‘० वेळा’ दाखवेल आणि सिस्टरनी नळाखाली दोन मिनिटं नीट हात धुतलेले असतील. उलटही होईल.

*परिणाम कसा मोजणार?* ‘संसर्ग निम्मा होईल’ असं उद्दिष्ट लिहिण्याआधी हा हिशेब करा. समजा महिन्याला ५० प्रसूती, वर्षाला ६००. समजा त्यातल्या २ टक्के बाळांना सेप्सिस, म्हणजे वर्षाला १२. काहीही न बदलता, नुसत्या योगायोगाने हा आकडा एखाद्या वर्षी ६, एखाद्या वर्षी १९ असा हलू शकतो. मग तुमच्या सेन्सरनंतर ६ आले तर टाळ्या कुणासाठी वाजवायच्या? एका रुग्णालयात हा प्रश्न सुटणारच नाही. त्यात आई-बाळ दोन-तीन दिवसांत घरी जातात. संसर्ग घरी दिसतो आणि रुग्णालयाच्या रजिस्टरला त्याचा पत्ता नसतो.

प्रक्रिया सुधारली म्हणजे परिणाम सुधारलाच, असंही धरू नका. उत्तर प्रदेशात १२० आरोग्यकेंद्रांत झालेली ‘बेटरबर्थ’ चाचणी (२०१७) मुद्दाम वाचा. तिथे चेकलिस्ट आणि प्रत्यक्ष मार्गदर्शन दिलं होतं. हात स्वच्छ करण्यासह प्रसूतीच्या १८ आवश्यक कामांचं पालन दोन महिन्यांनी ७२.८ टक्के होतं, तुलना गटात ४१.७. बारा महिन्यांनी ते ६१.७ वर उतरलं. आणि मृत्यू व गंभीर गुंतागुंत यांचं एकत्रित प्रमाण? १५.१ विरुद्ध १५.३ टक्के. म्हणजे फरक नाही. एवढ्या मोठ्या, काटेकोर अभ्यासाने हे छापलं, याबद्दल त्या लेखकांचा आदर वाटतो.

मग तंत्रज्ञान नकोच का?

तसं मी म्हणत नाही. तंत्रज्ञान म्हणजे फक्त सेन्सर, असं मानणं मला खटकतं. भिंतीवरची बाटली खाटेला लटकवणं हेही तंत्रज्ञान आहे. कोपराने चालणारा नळ हे तंत्रज्ञान आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं सॅनिटायझरचं सूत्र (८० टक्के इथेनॉल, १.४५ टक्के ग्लिसरॉल, ०.१२५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड) स्थानिक पातळीवर बनवता येईल असंच आखलेलं आहे. २०२० मध्ये आपल्या राज्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांनी सॅनिटायझर बनवून दाखवलंच की.

जिनिव्हाचं सगळ्यात गाजलेलं काम (पिटे, ‘लॅन्सेट’, २०००) बाटलीचंच होतं. खाटेजवळ आणि खिशात सॅनिटायझर, भित्तिपत्रकं, निकाल परत कळवणं, वरिष्ठांचा सहभाग. पालन ४८ वरून ६६ टक्के, रुग्णालयात लागणारा संसर्ग १६.९ वरून ९.९ टक्के. हाही आधी-नंतरचाच अभ्यास आहे, तुलना गट यालाही नाही. आपल्याला आवडणाऱ्या पेपरलाही तेच प्रश्न विचारायचे. पण त्यात एक मोजमाप आहे जे लोणारला उद्या वापरता येईल : दर १,००० रुग्ण-दिवसांमागे किती लिटर सॅनिटायझर वापरलं गेलं. जिनिव्हात ते ३.५ वरून १५.४ लिटरवर गेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या स्वमूल्यांकन आराखड्यात २० लिटर ही पातळी धरली आहे.

करून बघा. ३० खाटा, त्यातल्या सरासरी २१ भरलेल्या, महिन्याचे ३० दिवस : ६३० रुग्ण-दिवस. २० लिटरच्या हिशेबाने महिन्याला १२.६ लिटर, म्हणजे अर्ध्या लिटरच्या साधारण २५ बाटल्या. यात ओपीडीचा वापर धरलेला नाही. आता स्टोअरचं स्टॉक रजिस्टर उघडा. महिन्याला सहा बाटल्या निघत असतील, तर कॅमेरा कशासाठी हवा? सिस्टरनी ठरवलं तरी शंभर टक्के पालन शक्य नव्हतं, हे रजिस्टरनेच सांगितलं. आणि २५ बाटल्या निघूनही वॉर्डात दिसत नसतील, तर प्रश्न आणखी वेगळा.

यावरून कसे प्रश्न तयार होतात ते बघा :

१. दोन वर्षांच्या स्टॉक रजिस्टरवरून सॅनिटायझर आणि साबण किती दिवस उपलब्धच नव्हते? यंत्राचा खर्च शून्य.

२. प्रसूती कक्षातल्या नळाला दिवसाच्या कुठल्या तासांत पाणी असतं? टाकीच्या पातळीचा साधा सेन्सर इथे खरोखर कामाचा आहे. माणसावर लावण्याऐवजी तो टाकीवर लावा.

३. खाटेला बाटली लावण्याने वापर वाढतो का? जिल्ह्यातल्या अनेक ग्रामीण रुग्णालयांत टप्प्याटप्प्याने, चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवून सुरुवात करा. प्रत्येकाला कधीतरी मिळतं, आणि तुम्हाला तुलना गटही मिळतो.

४. काउंटर लावायचाच असेल तर तो बाटलीला लावा, माणसाला नको. निकाल वॉर्डाचा म्हणून सांगा, सिस्टरचा म्हणून नको. आणि सेन्सर काढल्यानंतरचे तीन महिने मोजा.

५. परिणाम बघायचा असेल तर आशाताईंच्या नोंदी बघा. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी गृहभेट असते. घरच्या नवजात बाळाच्या काळजीची ही पद्धत मुळात आपल्या गडचिरोलीतल्या ‘सर्च’च्या कामातून, १९९९ च्या बंग दांपत्य आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातून उभी राहिली. जो संसर्ग रुग्णालयाच्या रजिस्टरला दिसत नाही तो तिथे दिसण्याची शक्यता आहे.

संमतीपत्राबद्दल एक शब्द

वैद्यकीय अधीक्षकांची सही मिळाली म्हणजे संमती मिळाली, असं समजू नका. वरिष्ठांच्या हाताखाली काम करणाऱ्या माणसाला ‘नाही’ म्हणणं अवघड असतं. आयसीएमआरच्या २०१७ च्या नीतिनियमांतही अशा अधीनस्थ व्यक्तींना विशेष संरक्षण द्यावं असं आहे. कंत्राटी सिस्टरच्या गळ्यात बिल्ला घालून मिळालेला आकडा तिच्या करार-नूतनीकरणाच्या फाइलमध्ये जाणार नाही, याची लेखी हमी तुम्ही देऊ शकता का? देता येत नसेल तर वैयक्तिक नोंद घेऊ नका. शोधप्रबंध त्याशिवायही होतो.

शेवटी, गृहपाठ. हातांच्या स्वच्छतेवरचा कुठलाही एक पेपर घ्या आणि चार ओळी लिहा : अंश काय होता, छेद कोणी आणि कसा ठरवला, आपल्याला कुणी बघतंय हे कुणाकुणाला माहीत होतं, आणि मोजणी थांबल्यावर काय झालं. मग पाचवी ओळ तुमच्या गावच्या रुग्णालयाबद्दल : तिथे दार किती आहेत, नळाला पाणी कधी येतं आणि गेल्या महिन्यात किती बाटल्या निघाल्या. ही पाचवी ओळ लिहायला तुम्हाला बाहेर पडावं लागेल, कुणाला तरी विचारावं लागेल. तिथूनच तुमच्या सिनॉप्सिसचा विषय मिळेल.

पुढच्या लेखात टप्प्याटप्प्याने सुरू करायच्या आराखड्याबद्दल, म्हणजे नमुना किती मोठा लागतो आणि क्रम कसा ठरवायचा, हे आकडेमोडीसह बघू. तोवर वाचत राहा.